काही गेम मालिका प्रचंड गाजतात आणि काही चांगल्या असूनही विरून का जातात? ग्राफिक्स आणि बजेट हेच कारण ना?

प्रश्नाचं दुसरं वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. ग्राफिक्स आणि बजेट हे मुख्य कारण नाही. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा ऑनलाइन गेम घ्या. २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. ज्यांनी विकत घेतला होता त्यांना पैसे परत मिळाले आणि पुढे तो बनवणारा स्टुडिओही बंद केला. दिसायला देखणा होता, वर्षानुवर्षं काम झालं होतं, पाठीशी सोनीसारखी कंपनी होती. त्याच्या उलट 'अमंग अस' मोजक्या माणसांनी केलेला, चित्रं अगदी साधी. २०१८ मध्ये आला तेव्हा कोणी विचारलं नाही आणि २०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा जगभर खेळला गेला.

हा वाद आमच्या घरात जुना आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ठाण्यात वर्तकनगरला आमचं सायबर कॅफे होतं. गाळा काकांचा, चालवायचो मी आणि माझा चुलतभाऊ. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. सुरुवातीला लोक रेल्वेचं रिझर्व्हेशन, बोर्डाचे निकाल, नोकरीचे अर्ज यासाठी यायचे. घरोघरी ब्रॉडबँड आलं तसं ते गिऱ्हाईक आटलं आणि लाइटबिल पोरांच्या गेमिंगवर निघायला लागलं. तासाला वीस रुपये. मशिनं जुनी, कीबोर्डवरची डब्ल्यू-ए-एस-डी ही गेममध्ये चालायची अक्षरं पुसली गेलेली, आणि सगळ्या मशिनवर लॅनमध्ये, म्हणजे मशिनं एकमेकांना जोडून, एकच गेम, दोन टीमच्या गोळीबाराचा 'काउंटर स्ट्राइक १.६'. शनिवारी दुपारी शाळा सुटली की दोन शाळांची पोरं समोरासमोर बसायची. हरणाऱ्या टीमने सगळ्यांना वडापाव द्यायचा. भारनियमनात लाइट गेली आणि यूपीएस टिकला नाही, तर त्या फेरीचा निकाल काय धरायचा यावर बाहेर फुटपाथवर अर्धा तास भांडण चालायचं.

दादाला हे आवडत नव्हतं. त्याचं म्हणणं, हे जुनाट झालंय, पोरं कंटाळतील, काहीतरी जबरदस्त दिसणारं आणायला हवं. २००७ च्या शेवटी 'क्रायसिस' आला. त्या काळात त्याच्यासारखा दिसणारा दुसरा गेम नव्हता, हे मीही म्हणेन. पण तो आमच्या मशिनवर चालणं शक्यच नव्हतं. दादा लॅमिंग्टन रोडला जाऊन ८८०० जीटी हे ग्राफिक्स कार्ड, मोठा एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा डबा) आणि जास्तीची रॅम घेऊन आला आणि दरवाजाजवळचं एक मशिन सजवलं. दर दुप्पट. मी आधीपासून सांगत होतो की त्याच पैशात दोन साधी मशिनं अजून घेऊ आणि लॅनचा स्विच बदलू, तो सारखा अडकतोय. ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी तुफान गर्दी. समुद्राचं पाणी बघायला, गोळी लागली की झाडाचा बुंधा कसा तुटतो ते बघायला. पोरं 'कसलं भारी आहे' म्हणाली, आणि वीस मिनिटांत आपापल्या 'काउंटर स्ट्राइक'च्या नंबरात जाऊन उभी राहिली. पुढच्या आठवड्यापासून ते मशिन बहुतेक वेळ रिकामं. एक इंजिनिअरिंगचा मुलगा तेवढा यायचा, एकटाच, हेडफोन लावून.

'क्रायसिस' वाईट गेम होता असं माझं म्हणणं अजिबात नाही. त्याचे पुढे दोन भागही आले. पण तो खेळणाऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या पोराला तिथे काही काम नव्हतं. 'काउंटर स्ट्राइक'मध्ये ते होतं. मेलात की फेरी संपेपर्यंत परत जिवंत होता येत नाही. मग तुम्ही काय करता? बाकीच्यांचा खेळ बघता. 'डस्ट टू' या त्यातल्या नकाशावर 'लाँग' नावाच्या वाटेच्या दारामागे कोण लपलाय ते ओरडून सांगता, मित्राने चुकीच्या वेळी बंदूक रीलोड केली तर त्याला शिव्या घालता. असं बघता बघताच तुम्ही शिकता. ज्याच्या खिशात पैसे नसायचे तोही दिवसभर कॅफेत असायचा आणि त्याला प्रत्येक मॅचबद्दल मत असायचं. पुढच्या आठवड्यात तोच कुठून तरी वीस रुपये जमवून यायचा. गेम असा पसरतो. जाहिरातीने पहिल्या आठवड्याची गर्दी येते, दुसऱ्या आठवड्याची गर्दी हे खुर्चीमागचे लोक आणतात.

आणि 'काउंटर स्ट्राइक' मुळात कंपनीच्या बजेटमधून आलेलाच नाही. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ' या गेममध्ये फेरफार करून तो केला, लोकांना आवडला, मग व्हॉल्व्हने तो घेतला आणि २००० मध्ये विकायला आणला. 'डस्ट टू' हा नकाशासुद्धा डेव्ह जॉन्स्टन नावाच्या हौशी माणसाने २००१ मध्ये केलेला. आज 'काउंटर स्ट्राइक टू'मध्ये पोरं त्याच दारातून धावतात.

पोकेमॉनचं मूळही हेच. १९९६ मध्ये जपानमध्ये पहिले गेम आले तेव्हा गेम बॉय हे निन्तेन्दोचं हातात धरून खेळायचं यंत्र सात वर्षं जुनं झालं होतं. पोकेमॉन ज्यांनी केला त्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद, आणि दोन गेम बॉय जोडणारी केबल बघून त्यांना मुलं गेममधल्या प्राण्यांची देवाणघेवाण करतील हे सुचलं. म्हणून एकाच गेमच्या लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या काढल्या. काही प्राणी एकीत नाहीत, काही दुसरीत नाहीत. एकट्याने सगळे जमवताच येणार नाहीत, दुसरा मुलगा गाठावाच लागणार. जुन्या यंत्रावर, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर जगातली एवढी मोठी मालिका उभी राहिली.

आता तुम्ही 'मालिका' म्हणालात, तर इथे एक फरक करायला हवा, जो दादा कधीच करत नाही. गेम गाजवतात खेळणारे. त्याची मालिका होते की नाही हे मालकाच्या हातात असतं.

'मुस्तफा' हा गेम आठवतो? ठाणे स्टेशनजवळच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून तीन-तीन जण एका मशिनला खेटून खेळायचो. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेला. आपल्याकडे त्यातल्या एका पात्राचंच नाव गेमला पडलं, इतका तो आपला झाला. पण ती पात्रं मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकमधली, कॅपकॉमने परवान्यावर घेतलेली. तो गेम ना घरच्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर) आला, ना कॅपकॉमने त्याचा दुसरा भाग काढला. त्याच कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर' मात्र स्वतःच्या मालकीचा. त्याचा १९८७ चा पहिला भाग आज कोणाच्या लक्षातही नाही, पण कंपनीने सोडलं नाही आणि १९९१ च्या दुसऱ्या भागाने इतिहास घडवला. 'जीटीए'चंही ('ग्रँड थेफ्ट ऑटो') तसंच. १९९७ चा पहिला भाग वरून बघायचा, रस्त्यावर गाड्या मुंग्यांएवढ्या. २००१ च्या तिसऱ्या भागात तो थ्रीडी होऊन उभा राहिला आणि पाचव्या भागाच्या २० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती 'क्रिकेट ०७'ची. २००६ च्या शेवटी आला आणि त्यानंतर तो काढणाऱ्या ईए कंपनीने पीसीवर क्रिकेट काढलंच नाही. परवाना नसल्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं त्यात मोडतोड करून घातली होती. पोरं गेम टाकला की पहिलं काम ती नावं दुरुस्त करायचं करायची. २००८ मध्ये आयपीएल सुरू झालं, तर लोकांनी स्वतःच पॅच (गेममध्ये बदल करणाऱ्या फायली) तयार करून आयपीएलच्या टीम, त्यांचे कपडे, मैदानं सगळं त्यात घातलं. आमच्या कॅफेत पेनड्राइव्ह घेऊन नवा पॅच मागायला यायचे. दरवर्षी एवढं फुकटचं काम करणारे लोक ज्या गेमला मिळाले, त्याची मालिका मालकाने सोडून दिली, आणि त्याच कंपनीने फुटबॉलचा गेम दरवर्षी काढून अमाप पैसा कमावला.

हं, उलटी बाजूही आहे. मालकाने फार ओरबाडलं तरी मालिका मरते. 'गिटार हिरो' २००५ मध्ये आला, खूप गाजला, मग एकेका वर्षात इतके भाग काढले की लोक विटले. २०११ मध्ये तो काढणाऱ्या ॲक्टिव्हिजन कंपनीने तो विभागच बंद केला.

काही गोष्टी मान्य करायला हव्यात. एक, आमच्या कॅफेतून जे दिसत होतं ते आपल्याकडचं चित्र होतं. आपल्याकडे बहुतेक गेम कॉपी केलेल्या सीडीवरून आले. 'आयजीआय' ठाण्यातल्या पोरापोराला पाठ होता, पण तो लाडका आहे हे नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओला गल्ल्यात कुठे दिसणार? दुसऱ्या भागानंतर तो स्टुडिओ बंद झाला. 'रोड रॅश'चंही आपल्याकडे एवढं कौतुक आणि मालिका २००० च्या आसपास थांबली. म्हणजे खेळणारे असणं पुरत नाही, ते हिशोबात दिसावे लागतात. दोन, नशीब असतंच, 'अमंग अस'चं वर लिहिलंय. तीन, निन्तेन्दोसारखी कंपनी आणि टीव्हीवरचं कार्टून पाठीशी नसतं तर पोकेमॉन जपानबाहेर एवढा गेला असता असं मी म्हणणार नाही. पैसा पेटलेल्या गोष्टीला वारा घालतो. ती पेटवत नाही.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कॉलेजच्या तीन मित्रांनी मिळून मोबाइल गेम करताय आणि निम्मे पैसे थ्रीडी आर्टवर घालायचा विचार आहे. घालू नका. आधी तो सगळ्यात स्वस्त, स्क्रीनला तडा गेलेल्या फोनवर नीट चालतो का बघा. 'फ्री फायर' खेड्यापाड्यात पोचला तो कमी रॅमच्या फोनवर चालायचा म्हणून. मग घणसोलीच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या चहाच्या टपरीवर एका मुलाच्या हातात द्या आणि त्याच्याकडे अजिबात बघू नका. त्याच्या शेजारचा दोन मिनिटांत स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालतो की 'अरे तिकडून जा' म्हणतो, तेवढं बघा. शेजारचा गप्प असेल तर आधी खेळाचे नियम बदला, चित्रांना हात लावू नका. आणि नाव, पात्रं स्वतःची ठेवा, कोणाकडून भाड्याने घेऊ नका.

दादा दर गणपतीत एकच मुद्दा काढतो. 'जीटीए'मधलाच 'व्हाइस सिटी' हा एकट्याने खेळायचा गेम, तो का चालला मग? दिसायला भारी होता म्हणूनच ना? हे उत्तर तो वाचणार आहे, म्हणून इथेच लिहितो. 'व्हाइस सिटी' आपल्या मशिनवर सगळ्यात कमी सेटिंगला चालायचा, लांबच्या इमारती जवळ गेल्यावर अचानक उगवायच्या. तरी खुर्चीमागे चार पोरं असायची, कारण प्रत्येकाला एखादा कोड माहीत असायचा. 'पँझर' टाइप केलं की रणगाडा येतो, 'लीव्ह मी अलोन' टाइप केलं की पोलीस पाठ सोडतात, 'ॲस्पिरिन' टाकलं की तब्येत भरते. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली ती यादी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायची आणि तिथून दुसऱ्या शाळेत. दादा, त्या यादीची एक प्रत तू स्वतः काउंटरच्या काचेखाली लावली होतीस, पोरं सारखी विचारतात म्हणून. ग्राफिक्सबद्दल तुला कोणी विचारलं होतं का, ते सांग.