रानपक्षी माणसाशी बोलतो का?

प्रश्न : पाळीव जनावरे माणसाला खुणावतात, परंतु कोणीही न शिकवलेला रानटी जीव माणसाशी हेतुपूर्वक संवाद साधतो का?

उत्तर : साधतो. उत्तर मोझांबिकमधील निआसाच्या राखीव वनात हनीगाइड नावाचा लहानसा पक्षी सतत चिवचिवत, या झाडावरून त्या झाडावर उडत, याओ जमातीच्या मध गोळा करणाऱ्यांना पोळ्यापर्यंत नेतो. माणसे धूर करून मध काढतात आणि मागे उरलेले मेण त्याला खायला मिळते. (याला मैत्री म्हणण्यापेक्षा रोखठोक व्यवहार म्हणणे मला अधिक योग्य वाटते.) माणसेही त्याला ‘ब्रर्र-हम्’ अशी साद घालतात, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या सादेमुळे पक्ष्याने वाट दाखवण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांपर्यंत वाढते. टांझानियातील हाद्झा लोक मात्र शीळ घालतात, आणि तेथील पक्षी त्या शिळेलाच अधिक प्रतिसाद देतात.