स्कूटर लागली नाही, दंडाची नोटीस मात्र आली

प्रश्न: माझ्या 16 वर्षांच्या मुलानं माझ्या मोबाइलवरून ऑनलाइन लकी ड्रॉचा फॉर्म भरला. आठ दिवसांनी ‘स्कूटर लागली’ म्हणून फोन आला. फाइल चार्ज 2,999 आणि पासिंगचे 9,500 रुपये मी यूपीआयनं पाठवले. आधार, पॅन, पासबुकाचे फोटोही दिले. आता टीडीएसचे 18,000 मागतात. नाही म्हटल्यावर व्हॉट्सॲपवर कन्नडमध्ये कोर्टाची नोटीस आली: करार मोडला, 50,000 दंड भरा, नाहीतर अटक. मला कन्नड वाचता येत नाही. आम्ही बिड्या वळून पोट भरतो. काय करू? – एक वाचक, निपाणी

उत्तर: ताई, दंडाचा एक रुपयाही तुम्ही देणं लागत नाही. आधी ही भीती मनातून काढा.

तुम्ही पाठवलेली नोटीस मी दोनदा वाचली. ते कोर्टाचं कन्नड नाही. वाक्यं मोडकी आहेत, एका ओळीत कोर्ट बेळगावचं, दुसरीत बेंगळूरचं. केसचा नंबर कुठंच नाही. शिक्क्याशेजारी दंड भरायला क्यूआर कोड छापलाय! कोर्टाचा दंड असा कुणाच्या खात्यावर जात नाही. खऱ्या केसला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की पक्षकार, तारखा सगळं दिसतं. आपल्याकडे मराठी घरात कन्नड कागद आला की धस्स होतं, हे मी माझ्या पक्षकारांत रोज बघतो. त्या लोकांनी नेमकी तीच धास्ती वापरली.

कराराचं म्हणाल, तर फॉर्म भरणारा 16 वर्षांचा. करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाला करारच करता येत नाही. पुढचे पैसे तुम्ही पाठवलेत, पण फसवून घेतलेली संमती नाकारायचा हक्क कलम 19 देतं.

टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा कर, ऐकून तुम्ही गोंधळलात यात नवल नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. बक्षिसावर 30 टक्के दरानं कर असतो, आणि वस्तू बक्षीस मिळाली तर ती हातात देण्याआधी कर भरला गेलाय याची खात्री देणाऱ्यानं करायची असते. पण तो कर सरकारी खात्यात, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत दिसतो. कुणा माणसाच्या यूपीआयवर मागितला, तर तो कर नव्हेच.

हे वाचून झालं की लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे कुठल्या खात्यात गेले ते शोधून तिथं उरलेली रक्कम रोखून धरायची यंत्रणा त्या नंबरामागे आहे. एक एक तास मोलाचा असतो, कारण रक्कम भराभर पुढच्या खात्यांत जाते. तुम्ही स्वतः पाठवल्यामुळं बँक भरपाई देईल ही आशा कमी, हे स्पष्ट सांगतो. रक्कम गोठली, तर मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ती परत मागता येते. ‘कमिशन द्या, पैसे सोडवून देतो’ म्हणणारा कुणी भेटला, तर तो त्याच टोळीतला समजा.

मग पोलीस ठाणं. निपाणीत दिलेली तक्रारही घ्यावीच लागते. गुन्हा कुठं घडला यावरून परत पाठवता येत नाही (त्याच संहितेचं कलम 173). बेळगावच्या सीईएन ठाण्यातही जाता येईल, सायबर गुन्हे तिथं बघतात. तक्रार मराठीत लिहा. राज्यघटनेचं कलम 350 देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. तरी सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडलीत तर काम लवकर हलेल, म्हणून ती कुणाकडून तरी करून घ्या. एफआयआर कन्नडमध्येच लिहिली जाईल. सही करण्याआधी ती वाचून, मराठीत समजावून सांगायला सांगा. तारखा आणि रकमा बरोबर आहेत का बघा. प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. तोतयेगिरीनं ऑनलाइन फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66डी खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे.

त्यांच्या हातात गेलेल्या कागदांची मला पैशापेक्षा जास्त काळजी वाटते. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्यावर पैसे काढता येणार नाहीत. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर बघा, अनोळखी नंबर बंद करायला कळवा. बँकेत लेखी कळवून पोच घ्या. खात्यात अचानक अनोळखी पैसे आले, तर काढू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून पुढंही पाठवू नका, नाहीतर चोरीचा माल तुमच्या दारातून गेल्यासारखं होतं.

पुढं कधी मुलानं स्पर्धेत भाग घेतलाच, तर भरवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, शेवटची तारीख आणि निकाल कसा लागणार, हे नियमांत लिहिलेलं बघा. बक्षिसासाठी आधी पैसे मागितले की तिथंच थांबायचं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आणि ताई, पोरावर चिडू नका, त्याला चॅटही पुसू देऊ नका. ठाण्यात जाताना बरोबर न्या. कुठल्या लिंकवर काय काय भरलं, ते त्यालाच सांगता येईल.