परदेशी क्लबचा करार : सही करण्यापूर्वी

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा असून कोल्हापुरातील एका तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. आग्नेय आशियातील एका क्लबने त्याला दोन वर्षांचा करार देऊ केला आहे. व्हिसा मिळून वैद्यकीय चाचणी झाल्यावरच करार लागू होईल, तोवर ‘प्रक्रिया शुल्क’ भरा, असे मध्यस्थ म्हणतो. सही करावी का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : पैसे भरू नका आणि सध्याच्या मसुद्यावर सहीही होऊ देऊ नका. वैद्यकीय चाचणीचा निकाल किंवा कामाचा परवाना यांवर कराराची वैधता अवलंबून ठेवण्यास फिफाच्या नियमांची मनाई आहे. ही खातरजमा क्लबने सहीपूर्वीच करायची असते. असे कलम घालणाऱ्याला एकतर नियम ठाऊक नाहीत किंवा मुलगा तिथे पोहोचल्यावर हात झटकण्याची वाट त्याने मोकळी ठेवली आहे, आणि मला दुसरी शक्यता अधिक वाटते. मध्यस्थाकडे फिफाचा परवाना आहे का, हे फिफाच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहा. पर्यटक व्हिसावर ‘आधी या, मग बघू’ असे कोणी म्हटले, तर मुलाला पाठवू नका.

सर्वांत बारकाईने वेतनाचे कलम वाचावे. रक्कम कोणत्या चलनात, कोणत्या तारखेला आणि कर कापून की कापण्यापूर्वीची, हे स्पष्ट हवे. घर, विमानभाडे, बोनस यांची तोंडी आश्वासनेही करारात उतरवून घ्यावीत. वेतन बँकेतूनच घ्यावे, कारण रोखीचा पुरावा उरत नाही. क्लबने किमान दोन महिन्यांचे वेतन बेकायदा थकवले, तर लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत द्यायची आणि तरीही पैसे आले नाहीत, तर खेळाडूला योग्य कारणाने करार संपवता येतो. आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा असा वाद फिफाच्या न्यायाधिकरणापुढे दोन वर्षांच्या आत नेता येतो आणि खेळाडूला त्यासाठी शुल्क पडत नाही. मात्र वाद फक्त स्थानिक न्यायालयातच चालेल, असे कलम करारात नाही ना, हे आधी तपासावे.

दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्या काळातील वेतन कोण देणार, तसेच मुदत वाढवण्याचा अधिकार एकट्या क्लबकडे आहे का, हेही पाहावे. मुलाची नोंदणी भारतात असल्यास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र गेल्याशिवाय तो तिथे अधिकृत सामना खेळू शकणार नाही. ते क्लबने आपल्या महासंघामार्फत मागवायचे असते. करार स्थानिक भाषेत असेल, तर इंग्रजी प्रत मागून क्रीडा कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि दोन्ही पक्षांच्या सह्या असलेली प्रत हाती आल्यावरच तिकीट काढा.