सोलापुरात मे महिन्यात रात्री झोप नाही, दिवसभर चिडचिड. मन ताळ्यावर कसं ठेवायचं?

ध्यान-प्राणायाम नंतर, आधी झोप सांभाळा. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. पण ४२-४३ अंशांत तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. गच्चीला चुन्याचे दोन हात द्या. चुन्यात फेव्हिकॉल मिसळा, नाहीतर पावडर होऊन उडतो. झोपण्याआधी टॉवेल ओला करून पिळा, मानेवर आणि पोटऱ्यांवर टाका, मग पंखा लावा. पाणी उडतं तेव्हाच गारवा मिळतो. नळाला रोज पाणी नसेल तर स्लॅबवर बादल्या ओतू नका, टॉवेलला तांब्याभर पुरतं. दुपारी तीननंतर चहा बंद. पैशाचे, भाऊबंदकीचे विषय सकाळी दहाच्या आत उरका. चार वाजता पत्र्याखाली कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

मात्र लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरची गोळी) चालू असेल तर जपा: शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घामही कमी येतो. गोळी स्वतःहून थांबवू नका, उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारा. दोन आठवडे उदासी हटली नाही, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मोफत फोन लावा.