उताऱ्यावर नाव वडिलांचे, मुलाच्या लेखी मी म्हातारा

प्रश्न : माझे वय 47. खानापूर तालुक्यातील गावाहून रोज बेळगावच्या उद्यमबागेत येऊन एका कारखान्यात लेथवर काम करतो. शेतीच्या उताऱ्यावर अजून वडिलांचेच नाव असून भाताची लावण कधी धरायची हेही तेच ठरवतात. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा मात्र मला आत्तापासूनच म्हाताऱ्यात काढतो. अलीकडे व्हर्नियर या मोजमापाच्या उपकरणावरच्या बारीक रेघा पुसट दिसतात आणि काहीच नकोसे वाटते. मुलगा याला ‘मिडलाइफ क्रायसिस’, म्हणजे मध्यमवयातला मानसिक पेच, म्हणतो. ते खरे आहे का? — एक वाचक

उत्तर : रेघांचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते आणि जवळचे धूसर दिसू लागते. तेव्हा डोळे तपासून चष्मा घ्यावा. नकोसेपणा मात्र आठवडेच्या आठवडे टिकत असेल, तर तो वयावर न ढकलता डॉक्टरांच्या कानावर घालावा आणि रक्तातील साखर व थायरॉईड तपासून घ्यावे.

मुलाने वापरलेली संज्ञा एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाच्या 1965 सालच्या निबंधातून पुढे आली, आणि त्याचा आधार मुख्यतः नामवंत कलावंतांची आयुष्ये हा होता. पुढच्या पाहण्यांत असा पेच बहुसंख्यांच्या वाट्याला येत नसल्याचेच दिसले. तुमच्या पत्रावरून मला वाटते, की तुमचे दुखणे वयापेक्षा घरातील तुमच्या जागेचे आहे. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मध्यमवयाचे मुख्य काम पुढच्या पिढीसाठी काही उभे करणे हे मानले, आणि ते अडले की माणूस साचून राहतो असे म्हटले. आपल्या जुन्या आश्रमव्यवस्थेतही केस पिकले आणि नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने बाजूला व्हावे, असा संकेत होता (तो कितीजण पाळत असतील, हा भाग निराळा!). आता मात्र माणसे जास्त जगतात. 1951 च्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान, बालमृत्यू फार असल्यामुळेही, 32 वर्षांच्या आसपास होते, ते आज सत्तरीला पोचले आहे. त्यामुळे कर्ता बाप आणि पन्नाशीला टेकलेला कर्ता मुलगा एकाच घरात वर्षानुवर्षे नांदतात, राबणारे हात एकाचे आणि शब्द दुसऱ्याचा चालतो.

तेव्हा येत्या पावसाळ्यात निदान एका शेताचे बियाणे, मजूर आणि खर्च हे सगळे तुमच्यावर सोपवावे, असे वडिलांना सरळ विचारा. उताऱ्यावरील नावाचा विषय मात्र त्याच बैठकीत काढू नका.