दुखणे स्वादुपिंडाचे, शस्त्रक्रिया पित्ताशयाची?

प्रश्न : माझे वडील दारूला शिवतही नाहीत. तरीही त्यांच्या पोटात असह्य कळ येऊन ती पाठीत गेली आणि स्वादुपिंडाला सूज असल्याचे निदान झाले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. आता बरे वाटत असताना पित्ताशय काढण्याचा सल्ला का दिला जात आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : या आजाराचे नाव निघताच घरचे लोक रुग्णाकडे संशयाने पाहू लागतात, ते अन्यायाचे आहे, कारण दारूइतकेच, किंबहुना अनेक ठिकाणी तिच्याहून अधिक, पित्ताचे खडे याला कारणीभूत असतात. जठरामागे आडवे असलेले, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे स्वादुपिंड इन्सुलिन तर बनवतेच, शिवाय रोज लिटरभराहून अधिक पाचकरस लहान आतड्यात सोडते. त्यातील प्रथिने पचवणारी विकरे आतड्यात पोहोचेपर्यंत निष्क्रिय असतात. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुधा एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. तेथे घसरलेला खडा अडकला, की तुंबलेल्या ग्रंथीतच ती विकरे जागी होतात आणि तिच्याच पेशी पचवू लागतात. रक्तातील लायपेज (स्वादुपिंडाचे चरबी पचवणारे विकर) सामान्य कमाल मर्यादेच्या तिप्पट वा अधिक वाढते, ते यामुळेच.

बहुतेकदा खडा आपोआप पुढे सरकतो आणि कळ थांबते, परंतु पित्ताशयातील उरलेले खडे पुन्हा घसरू शकतात व पुढचा झटका अधिक गंभीर असू शकतो. म्हणून सौम्य आजारात रुग्णालयातील त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया उरकणे श्रेयस्कर मानले जाते. तुम्ही आता टाळाटाळ करू नये.