बाळाच्या बाहुलीतली पांढरी चमक

प्रश्न : माझ्या पुतण्याचा दोन वर्षांचा मुलगा फ्लॅश लावून काढलेल्या फोटोंत पाहिला, की त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसते. मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग सांगून डोळा काढण्याचा सल्ला दिला आहे. गाठीचा तुकडा काढून न तपासता हे कसे ठरले? द्राक्षांचा हंगाम उरकल्यावर मुंबईला न्यावे, तोवर गावठी औषध करावे, असे घरचे म्हणतात. मुलाला तान्ही बहीणही आहे.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : हंगामासाठी थांबू नका, ही कळकळीची विनंती आहे. रेटिनोब्लास्टोमा नावाचा हा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांखालील मुलांना होतो आणि गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर मूल वाचण्याची शक्यता फार मोठी असते; ती दृष्टिनसेवाटे मेंदूकडे सरकली, की उपचार अवघड होतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत निदानाच्या वेळचे मध्यक वय (निम्मी मुले त्याहून लहान, निम्मी मोठी) श्रीमंत देशांत सुमारे १४ महिने, तर गरीब देशांत सुमारे ३० महिने आढळले. आपल्याकडे मुले दगावतात ती मुख्यतः या उशिरामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुकड्याबद्दलची आपली शंका रास्त आहे, परंतु या आजारात डोळ्याला सुई टोचल्यास गाठीच्या पेशी बाहेर पसरण्याचा धोका असल्याने, भूल देऊन केलेली तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांवरूनच निदान करतात. काढलेला डोळा मात्र प्रयोगशाळेत तपासला जातो आणि पुढे केमोथेरपी लागेल का, हे त्यावरून ठरते.

गाठ लहान असल्यास केमोथेरपी, लेसर किंवा गोठवण्याच्या उपचारांनी डोळा वाचू शकतो. ती मोठी असून दृष्टी परत येण्याची आशा नसल्यास डोळा काढणेच सुरक्षित असते. डोळा काढण्यास नकार देऊन घरी नेलेल्या मुलांचे पुढे काय होते, हे डॉक्टरांना ठाऊक असते, म्हणून ते आग्रह धरतात. जखम भरल्यावर कृत्रिम डोळा बसवता येतो आणि दुसरा डोळा निरोगी असल्यास मूल शाळेत, खेळात मागे पडत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत जरूर घ्या, पण याच आठवड्यात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आरोग्यमित्रांकडे, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसांकडे, करावी. डोळ्यात रस किंवा काढा घालू नये.

सुमारे ४० टक्के रुग्णांत हा आजार आरबी१ या जनुकातील दोषामुळे आनुवंशिक असतो. म्हणून बहिणीच्या डोळ्यांत चमक दिसत नसली, तरी तिची बाहुली औषधाने मोठी करून तपासणी लगेच करून घ्यावी, आणि आईवडिलांचेही डोळे तपासावेत.